सोमवारच्या चांदण्या

कार्ड बोगद्यात शिरलं की अकरा मिनिटांनी बाहेर येतं. हे मी अनेकदा घड्याळ लावून पाहिलं आहे. अकराची कधी साडेदहा झाली नाहीत, साडेअकराही नाहीत. तरी समोर स्टुलावर बसलेल्या माणसाला ती दर वेळी निराळी लागतात. सकाळी ती लांब असतात. दुपारी जेवणानंतर, ब्लोअरच्या एकाच सुरात, ती सुरू कधी झाली आणि संपली कधी ते कळत नाही. कार्ड आत गेलेलं आठवतं. हातात आलेलं गरम कार्ड तेच आहे, यावर विश्वास ठेवावा लागतो.

बोगदा म्हणजे पत्र्याची लांबट पेटी, कमरेएवढ्या उंचीवर बसवलेली, दोन्ही टोकांना उघडी. मधून बारीक जाळीचा पट्टा मुंगीच्या चालीनं सरकतो. आत हीटर, तोंडावर ब्लोअर. मध्यावर तळहाताएवढी काच आहे. काचेला डोळा लावला की पिवळट उजेडात हिरवी कार्डं एकामागून एक जाताना दिसतात. पुराच्या पाण्यावरून शेतांचे तुकडे वाहत जावेत, आणि कुणालाच त्याची घाई नसावी, तशी. नवीन आलेली बाई पहिल्या दिवशी त्या काचेपाशी हमखास रेंगाळते. तिला कुणी हटकत नाही.

कार्ड म्हणजे सर्किट बोर्ड. मोटर दुरुस्त करणारे, इन्व्हर्टरवाले, सगळे त्याला कार्डच म्हणतात. आमची कार्डं शेतातल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये बसतात. ती घेणारा कारखाना नांदेडचा आणि त्याचे बरेचसे स्टार्टर अर्धापूरकडच्या केळीच्या बागांत जातात. केळीच्या बागेत बारा महिने ओल असते. उघड्या कार्डावरचं तांबं तिथं वर्षभरात हिरवं पडतं, मग एक दिवस मोटर सुरू होत नाही आणि शेतकरी स्टार्टरच्या डब्याला लाथ घालतो. म्हणून कार्डावर पारदर्शक कोटिंगचा थर फवारायचा आणि तो बोगद्यात वाळवायचा. आमच्या शेडमध्ये होतं ते एवढंच. थर केसाएवढा असतो, पण तो अखंड हवा. त्याच्याखाली कण अडकला तर ओल तिथूनच आत शिरते.

शेड लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, माझ्या थोरल्या बहिणीची. मी नांदेडचा. तिथल्या एका दैनिकात सतरा वर्षं डेस्कवर होतो. पानं दुसऱ्या शहरात लागायला लागली आणि डेस्क उठलं. त्या आठवड्यात ताईचा फोन आला.

"काय करायलास सध्या?"

"काही नाही."

"मग इकडं ये. कारखान्यानं लेखी नोंद मागितलीय. कुठला ट्रे किती वाजता आत गेला, उष्णता किती होती, हवेत ओल किती होती, कुणी लावला. आमच्या बायांना सगळं येतं, लिहायचा कंटाळा आहे. तुला लिहिण्याशिवाय काही येत नाही."

ते खरं होतं. सोमवारी पहाटेच्या गाडीनं लातूरला यायचं, शनिवारी दुपारी परतायचं, असं सुरू झालं. मी लाल पाठीची मोठी वही आणली आणि जसं शिकलो होतो तसं लिहायला लागलो. काय, कुठं, कधी, कोण. विशेषणं नाहीत.

ताईला तीन लॉटची मुदत होती. दोन लॉट झाले होते आणि दोन्ही परत आले होते. कोटिंगमध्ये ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे. तिसरा लॉट परत आला तर काम पुण्याच्या कारखान्याला जाणार आणि बोगदा बंद होणार, हे नांदेडहून लेखी आलं होतं. ताईनं ते पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. ती त्यावरच चहाचा कप ठेवायची.

ठिपके उघड्या डोळ्यांना धड दिसत नाहीत. त्यासाठी शेडच्या कोपऱ्यात एक खोका आहे, आतून काळा रंगवलेला, तोंडाला काळा पडदा. आत जांभळा दिवा. पडद्यात डोकं घालून कार्ड दिव्याखाली धरलं की कोटिंग निळं पेटतं. जिथं थर नाही तिथं काळं दिसतं. जिथं कण अडकलाय तिथं थर त्याच्याभोवती जमतो आणि तो बिंदू बाकीच्यापेक्षा जास्त उजळ होतो. हे काम जिच्याकडं आहे तिला सगळे आक्का म्हणतात. ती उदगीरकडची, पन्नाशीची, तोंडाची फटकळ. दिवसाचे सहा तास तिचं डोकं पडद्याच्या आत असतं आणि आवाज बाहेर येतो.

"ताई, चांदण्या पडल्यात बघा."

"किती?"

"मोजायच्या का बघत बसायचं? लई भारी दिसायल्यात."

त्या खोक्यात मी पहिल्यांदा डोकं घातलं तेव्हा बराच वेळ काढलं नाही. बाहेर दुपार होती, पत्रा तापला होता, ट्रक वळत होते. आत निळं होतं, फक्त निळं, त्यात बारीक रेषांची वळणं आणि विखुरलेले बिंदू. उंचावरून दिसणारं एखादं गाव, जिथं आपण कधी गेलो नाही. आक्कानं खांद्यावर टिचकी मारली तेव्हा कुठं आहोत ते आठवायला क्षणभर लागला.

संशय पहिल्यांदा गेला तो शेजारच्या डाळमिलवर. लातुरात कुठंही धूळ पडली की पहिल्यांदा डाळमिलचं नाव निघतं, आणि सहसा ते चूक नसतं. तुरीचा भुसा हवेत असतो, ओठांवर बसतो, चहात पडतो. ताई मिलवाल्याकडं गेली. मी सोबत होतो.

मिलवाला खाटेवर बसून कणसाचे दाणे सोलत होता. "माझा भुसा तुमच्या कार्डावर बसतोय म्हणता?"

"बसतोय, मामा."

"मग पाण्यात टाका आन् शिजवा. वरण होईल."

"वरणाला हरकत नाही. मग फोडणीचा धूर तुमच्याकडं सोडीन. तुमची डाळ काळी पडली तर माझ्या नावानं ओरडू नका."

मिलवाला हसला आणि कणसाचं अर्धुक तिच्या हातावर ठेवलं. भुसा काही थांबला नाही. ताईनं खिडक्यांना पोत्यांचे ओले पडदे लावले. त्यानं शेडमधली ओल वाढली आणि कोटिंग दुधाळ यायला लागलं. चार दिवसांनी पडदे काढले. वहीत दोन्हीच्या तारखा आहेत.

आता आप्पांबद्दल. आप्पा म्हणजे ताईचे सासरे. जन्म सरकी-पेंडीच्या धंद्यात गेला आणि आज जिथं बोगदा आहे तिथं त्यांची पोती लागायची. ताईनं कार्डांचं काम घरात बोलून दाखवलं तेव्हा दीर हसले, नणंदेनं विषय बदलला, दाजी उदगीरला नोकरीला असल्यानं फोनवर "बघू" म्हणाले. आप्पांनी काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी हमाल बोलावून गोदाम रिकामं केलं आणि झाडून घेतलं. धंदा त्यांनी तिथंच संपवला. त्यानंतर त्यांना दिवसभर काही काम उरलं नाही.

मी ताईच्याच घरी राहायचो. सकाळी आप्पांना पेपर वाचून दाखवणं माझ्याकडं आलं होतं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण बारीक अक्षर नाचायचं. सुनेचा भाऊ म्हणून मी त्यांचा पाहुणा. नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

"काय पावणं, आज काय छापलंय?"

मी वाचायचो, ते अडकित्त्यानं सुपारी कातरायचे. बातमी आवडली नाही की अडकित्ता जोरात वाजायचा.

सोमवारी मात्र वाचन नसायचं. सोमवारी मी गाडीत असायचो. लोह्याच्या पुढं डोळा लागायचा, अहमदपूरला चहावाल्याच्या आवाजानं अर्धवट उघडायचा. लातूरला उतरून थेट शेडवर जायचो तेव्हा झोप अंगातून पुरती गेलेली नसायची. त्या वेळचं मला जे आठवतं ते असं आठवतं: दारातून तिरकं आलेलं ऊन, गरम होत चाललेल्या पत्र्याचा टिकटिक आवाज, थिनरचा गोडसर वास, आणि आप्पा. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. हातात पितळी डबी. ते बोगद्याच्या तोंडाशी उभे राहायचे, भस्म पाण्यात कालवायचे आणि पत्र्याच्या काठावर तीन बोटं ओढायचे. मग हात जोडायचे. बाया हात जोडायच्या, मीही जोडायचो. आप्पा निघून जायचे. मी तोंडावर पाणी मारायचो, वही उघडायचो, आणि दहा वाजता पट्टा सुरू झाला की पहिली ओळ लिहायचो.

दुसरा लॉट परत आल्यावर मी ताईला म्हटलं, "वहीत ट्रेचा नंबर आहे, पण वाळल्यावर कार्डं एकाच पेटीत पडतात. ठिपके पडलेलं कार्ड कुठल्या ट्रेचं होतं ते कळत नाही. बातमी आहे, वार्ताहर नाही."

"मग?"

"प्रत्येक कार्डाच्या मागं चिकटपट्टी लावू. त्यावर पेन्सिलनं नंबर आणि वार."

श्रावण संपला होता. तिसऱ्या लॉटच्या आधी आम्ही एक आठवडा नुसती चाचणी केली. शुक्रवारी दुपारी आक्कानं सगळी कार्डं दिव्याखालून काढली आणि दोन ढीग केले. मोठा ढीग स्वच्छ होता. लहान ढिगात चौदा कार्डं.

"पेपरवाले, या इकडं. वही आणा. ह्या चांदण्यावाल्या कवाच्या हायत बघा."

मी नंबर वाचले, आक्कानं कार्डं उलटली. चौदाही तीन ट्रेमधली होती. तिन्ही ट्रे सोमवारचे, साडेदहा ते बाराच्या मधले. मंगळवारपासून पुढं एकही ठिपका नव्हता.

"सोमवारी मिल बंद होती," ताई म्हणाली. होतीही. मिलचा मोठा पट्टा तुटला होता आणि मिलवाला स्वतः येऊन सांगून गेला होता, "आज तरी माझं नाव घेऊ नका."

"मग सोमवारी दहाच्या आधी काय झालं?" तिनं विचारलं.

मी पान वर सरकवलं. वही दहाला सुरू होत होती. दहाच्या वर पान कोरं होतं.

आक्का म्हणाली, "सोमवारी तर आप्पा..." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

 पट्टा रिकामाच चालत होता. मला बोगद्याच्या तोंडाचा काठ दिसत होता, आणि त्याच्या वीतभर वर ब्लोअरची हवा ओढणारी जाळी. ओलं भस्म पत्र्यावर राहतं. पत्रा तापला की ते वाळतं, भुरभुरतं, आणि ब्लोअर त्याला आत घेतो. दुपारपर्यंत ते उडून गेलेलं असतं, फिकट खूण तेवढी उरते. दुसरा लॉट श्रावणातला. श्रावणात आप्पा रोज यायचे, म्हणून त्या लॉटमध्ये वार कुठलाही असो, ठिपके होतेच.

हे सगळं मी पाहिलं होतं. दर सोमवारी, चार हातांवरून. मी हात जोडले होते. हवेतली ओल मी आकड्यांत लिहिली, पोत्याच्या पडद्यांची तारीख लिहिली, मिलवाल्याचा तुटलेला पट्टा लिहिला. हे लिहिलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आमच्याकडं यंत्रापुढं हात जोडणं ही घटना नसते. ती घटना सुरू होण्याआधीची गोष्ट असते.

"मी आप्पांना सांगणार नाही," ताई म्हणाली. "ते गेले की पुसून टाकू."

"कोण पुसणार?" आक्का म्हणाली. "भस्म पुसायचं माझ्या हातानं व्हायचं न्हाई. आधीच सांगते."

"मी पुसेन."

"पुसा की, ताई. हे घ्या फडकं."

फडकं टेबलावर राहिलं. ताईनं त्याला हात लावला नाही. मी उचललं, घडी घातली, परत ठेवलं.

"सोमवारी लाईनच बंद ठेवली तर?" मी विचारलं.

"मंगळवारी नांदेडहून बाई तपासायला येणार आहे. सोमवार बंद ठेवला तर लॉट पुरा होत नाही." ती काचेखालच्या पत्राकडं पाहत होती. "त्यांनी माझ्यासाठी गोदाम रिकामं केलं, दादा. आता त्यांना म्हणू, तुमच्या हातामुळं माल खराब होतोय? जाऊ दे काम पुण्याला."

ताई मला दादा म्हणते ते क्वचित, लहानपणचं. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान आहे.

शनिवारी सकाळी मी आप्पांना पेपर वाचून दाखवला. शेवटचं पान झाल्यावर म्हटलं, "अजून एक बातमी आहे, आप्पा. न छापलेली."

"वाचा की."

मी लाल वही उघडली. आदल्या संध्याकाळी लिहिलेलं होतं.

"औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ड्रायरच्या तोंडाशी पत्र्यावर ओल्या भस्माची तीन बोटं ओढण्यात आली. साडेदहापर्यंत पत्रा तापून भस्म वाळलं. ब्लोअरनं त्याचे कण आत ओढले. बारापर्यंत आत गेलेल्या तीन ट्रेमधली चौदा कार्डं ठिपक्यांमुळं बाजूला काढावी लागली. अन्य वारी ठिपके आढळले नाहीत."

अडकित्ता थांबला होता. अंगणातल्या नळाखाली बादली भरून वाहत होती, ती कुणी बंद केली नाही.

"नाव न्हाई घातलं," आप्पा म्हणाले.

"नाव लागत नाही, आप्पा. काय झालं, कुठं, कधी, एवढ्यावर भागतं."

"आन् का?"

मला प्रश्न कळला नाही.

"का ओढली बोटं, ते न्हाई लिहिलं पावणं. पेपरात का लिहीत न्हाईत?"

लिहितात. तो पाचवा प्रश्न आहे आणि मी तो सतरा वर्षं दुसऱ्यांना विचारला होता.

आप्पांनी सुपारीचा तुकडा तळहातावर घेतला, तोंडात टाकला नाही. "मशीन चालू झाली तवाची गोष्ट. पैल्या दिवशी सगळी कार्डं करपली. काळी ठिक्कर. बाया घरी गेल्या. ही शेडच्या मागं लिंबाखाली जाऊन बसली आन् रडली. मी चावी द्यायला आलो होतो. पाह्यलं आन् माघारी फिरलो. तिला वाटतं कुणी पाह्यलं न्हाई. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मला मशिनीतलं काय कळतंय? भस्म कळतं. तेवढं केलं. त्या दिवशी एक बी कार्ड करपलं न्हाई." ते थांबले. "तवापासून."

पहिल्या दिवशी हीटर जास्त ठेवला होता, दुसऱ्या दिवशी कमी केला, हे मला ताईनं सांगितलेलं होतं. मी ते बोललो नाही.

"ते ठिपके दिसतात का?" त्यांनी विचारलं. "मला दाखवा."

आम्ही शेडवर गेलो. ताई बँकेत गेली होती, आक्का खोक्यापाशी होती. तिनं आप्पांना पाहिलं आणि उठून उभी राहिली. मी स्टूल ओढलं, चौदातलं एक कार्ड दिव्याखाली ठेवलं. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पडद्यात डोकं घातलं.

ते खूप वेळ आत होते. बाहेर त्यांची पाठ दिसत होती, श्वासानं हलणारा सदरा, आणि पडद्याच्या कडेनं निसटणारी निळी रेघ. आक्का माझ्याकडं पाहत होती. मी बोगद्याकडं पाहत होतो.

आवाज पडद्यातून आला. "असं दिसतंय व्हय."

"हाव, आप्पा," आक्का म्हणाली.

"लई निळं हाय. ऑपरेशन झाल्यापासनं ह्या डोळ्याला निळं जास्तीच निळं दिसतंय. पण हे तर..."  मग, "हे बारीक बारीक, हे माझं?"

"हाव."

त्यांनी डोकं बाहेर काढलं. डोळे उजेडाला मिचकावले. बोगद्याच्या तोंडाशी गेले, वाकून पाहिलं. काठावर तीन पट्ट्यांची फिकट खूण उरली होती. टेबलावरचं फडकं त्यांनी उचललं, आक्का ट्रे पुसताना घेते तसं त्यावर थिनर घेतलं, आणि ती खूण स्वतः पुसली. फडकं उलटं करून पुन्हा पुसलं.

"आता लिहा पावणं," ते म्हणाले. "शनिवार. किती वाजले ते बी लिहा."

मी लिहिलं. मग आधीच्या बातमीखाली दोन बोटं जागा होती, तिथं पाचव्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. त्यांनी सांगितलं तसं, त्यातलं लिंबाचं झाडही. नाव घातलं नाही. त्या शनिवारी मी नांदेडला गेलो नाही.

सोमवारी आप्पा नेहमीच्या वेळेला आले. कपाळावर भस्म होतं, हातात डबी नव्हती. आक्का वाटेतच आडवी आली. "आप्पा, कपाळ झाका. तिथलं बी उडतं."

"कपाळ कसं झाकू?"

तिनं बायांची केस झाकायची कापडी टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली आणि भुवयांपर्यंत ओढली. आप्पा दवाखान्यातल्या डॉक्टरसारखे दिसत होते. बायांनी तोंडं फिरवली. ताई दारात आली, तिनं आप्पांकडं पाहिलं, मग बोगद्याच्या स्वच्छ काठाकडं, मग माझ्याकडं. मी वहीत पाहत होतो.  तिला वाटलं असणार की मी सांगितलं. ते अर्धंच बरोबर होतं. उरलेलं अर्धं त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

बोगद्याच्या तोंडाशी आप्पांचा हात एकदा वर गेला, सवयीनं. अर्ध्यावरून तो खाली आला. मग ते मधल्या काचेपाशी स्टूल टाकून बसले आणि दिवसभर उठले नाहीत. कार्डं जात राहिली. एकदा मी पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. काचेतला पिवळा उजेड त्यांच्या गालावर हलत होता.

मंगळवारी नांदेडच्या कारखान्यातून तपासायला आलेली इंजिनिअर तिशीची होती, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली. स्वतःचा दिवा घेऊन आली होती. तिनं खोक्यात डोकं घातलं आणि कार्डं एकेक करून मागवली. ताई उभी होती. बसा म्हटलं तरी बसली नाही. चहा आला, गार झाला.

दोन तासांनी इंजिनिअरनं एक कार्ड बाजूला ठेवलं. "ह्यात केस आहे."

आक्कानं ते दिव्याखाली धरलं. "पांढरा हाय." मग काचेपाशी बसलेल्या आप्पांकडं वळून, "म्हणलं होतं ना, टोपी नीट घाला."

"एक चालतो," इंजिनिअर म्हणाली. हसली नाही, पण आवाज सैल झाला होता. "बाकी स्वच्छ आहे. आधीच्या दोन लॉटमध्ये काय होतं ते सापडलं का? कारण लेखी लागेल."

ताईनं माझ्याकडून वही घेतली. चाचणीच्या आठवड्याचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नऊ चाळीस, पत्रा, ब्लोअर, चौदा कार्डं. इंजिनिअर टिपून घेत होती. भस्म हा शब्द आला तेव्हा तिचं पेन क्षणभर थांबलं आणि मग तिनं तोही लिहिला. ताई पुढं वाचत गेली. अन्य वारी ठिपके आढळले नाहीत. त्याच्या खालच्या दोन ओळींवर ती आली, पहिले तीन शब्द वाचले, आणि तिचा आवाज बंद झाला.

ओठ हलत होते. ती मनात वाचत होती.

"पुढं?" इंजिनिअरनं विचारलं.

"पुढचं लॉटबद्दल नाही," ताई म्हणाली. वही मिटून तिनं छातीशी धरली. आप्पा काचेतून आत पाहत होते. पट्टा तेव्हा रिकामा होता.

लॉट पास झाल्याची सही झाली. काचेखालचं पत्र ताईनं काढलं, त्यावर कपांच्या गोल खुणा होत्या. इंजिनिअरला सोडायला ती रस्त्यापर्यंत गेली. परत येताना ती शेडच्या दारातून आली नाही. मागच्या बाजूनं, लिंबाकडून वळसा घालून आली. आप्पांपाशी थांबली, त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, झटकली, घडी घातली.

"उद्यापासून तुमच्या मापाची शिवते, आप्पा."

"रोज यायचं व्हय?"

"मग? काचेपाशी कुणीतरी बसायला पाहिजे."

"पगार काय देतीस?"

"सुपारी."

"पुण्याला जातो मग," आप्पा म्हणाले.

चौदा कार्डांपैकी तेरा भंगारात गेली. एक आप्पांनी मागून घेतलं. ते जांभळ्या दिव्याच्या खोक्यात कोपऱ्याला उभं करून ठेवलेलं असतं आणि आक्का त्याला हात लावू देत नाही. काम सुरू आहे. मी अजून सोमवारी पहाटेच्या गाडीनं येतो, अजून लोह्याच्या पुढं झोपतो. वही आता दहाला सुरू होत नाही. शेडचं कुलूप निघतं तेव्हा सुरू होते.

सोमवारी आप्पा टोपी नीट बसवतात आणि काचेकडं जाण्याआधी खोक्यापाशी येतात. आक्का स्टूल सोडते. ते पडद्यात डोकं घालतात. आत किती वेळ असतात, ते मी मोजलेलं नाही.